खोक्यावरचं ‘एचडीआर’ आणि पडद्यावरचा काळा

दसऱ्याच्या आठवड्यात पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा एखाद्या मॉलमधल्या शोरूममध्ये टीव्ही बघायला गेलात, तर पंधरा-वीस हजारांच्या टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडीआर’, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, असं छापलेलं दिसेल आणि दीड-दोन लाखांच्या टीव्हीच्या खोक्यावरही तेच दिसेल. “दादा, यात एचडीआर आहे ना?” असं विचारलं की “आहे ना ताई, आता सगळ्यांतच असतं” असं उत्तर येतं. ते उत्तर खोटं नसतं. दोन्ही टीव्हींना एचडीआरचा सिग्नल वाचता येतो. वाचलेलं पडद्यावर उतरवायची ताकद मात्र एकात असते आणि दुसऱ्यात नसते, आणि ती आहे की नाही हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ५५-६५ इंचांचा विचार करणाऱ्यांचा हात त्यामुळे थोडा मोकळा झाला आहे. वाचलेले पैसे नेमके कशावर घालायचे, हे कळण्यासाठी पडद्यामागे काय चालतं ते एकदा नीट बघायला हवं. विषय दिसतो तेवढा अवघड नाही. नावांनी तो अवघड केला आहे.

उजेडाचा पल्ला

विसर्जनाची रात्र डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मी रस्त्यावर रथ थांबलेला आहे. मूर्तीवर फोकस सोडलेत आणि मुकुटाच्या कडेवरचा उजेड असा टोचतो की डोळे बारीक करावे लागतात. त्याच वेळी रथापुढे ताशा वाजवणाऱ्या मुलाच्या पांढऱ्या कुडत्याच्या चुण्या सावलीतही कळतात. मागच्या जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा आहे आणि आतल्या अंधारात उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आजीही दिसतात. डोळा हे सगळं एका नजरेत घेतो. एकाच एक्स्पोजरमध्ये फोटो काढला तर मात्र मुकुटाचा पांढरा डाग होतो, नाहीतर आजी काळोखात जातात.

सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत गडद अशा दोन टोकांमधला हा पल्ला म्हणजे डायनॅमिक रेंज. अट एवढीच की दोन्ही टोकांना तपशील शिल्लक राहिला पाहिजे. कॅमेरावाले तो ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट. आजचे चांगले सिनेमा कॅमेरे चौदाएक स्टॉप पकडतात, म्हणजे सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ यांत सोळा हजार पटींचा फरक. फिल्मच्या निगेटिव्हचीही झेप मोठी असते. आपल्या लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. अशा ठिकाणी मूळ निगेटिव्ह जपण्याला महत्त्व का, याचं एक कारण हेही आहे: त्यात टीव्हीवर कधीच न दिसलेला तपशील दडलेला असतो.

मग तो इतकी वर्षं टीव्हीवर का दिसला नाही? कारण टीव्हीच्या सिग्नलचे नियम काचेच्या पिक्चर ट्यूबच्या काळात ठरले. त्या ट्यूबला जेवढं झेपत होतं तेवढाच उजेड हिशेबात धरला गेला. उजेड मोजायचं माप म्हणजे निट. एक चौरस मीटर पृष्ठभागातून साधारण एका मेणबत्तीइतका उजेड आपल्या दिशेने आला तर तो एक निट. स्टुडिओत साधं चित्र, म्हणजे एसडीआर, शंभर निट्सच्या मॉनिटरवर तयार होतं. घरातल्या ट्यूबलाइटचा पृष्ठभाग दहा हजार निट्सच्या आसपास असतो आणि भर दुपारचा सूर्य सुमारे १६० कोटी निट्स. हे सगळं शंभरात बसवायचं, म्हणजे खिडकीबाहेरचं आकाश पांढरं फट्ट करायचं किंवा खोली काळी करायची. ही निवड कलरिस्टला, म्हणजे चित्रपटाचे रंग आणि उजेड ठरवणाऱ्या तंत्रज्ञाला, रोज करावी लागायची, आणि एसडीआरसाठी अजूनही करावी लागते.

एचडीआरने शंभरच्या वर जागा दिली. बहुतेक चित्रपट आज हजार निट्सपर्यंतच्या मॉनिटरवर तयार होतात, काही चार हजारांपर्यंत. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो आधी दूर करतो. एचडीआर म्हणजे सगळं चित्र भडक नव्हे. चांगल्या एचडीआर चित्रात माणसांचे चेहरे, भिंती, झाडं जवळपास पूर्वीइतक्याच उजेडात असतात. वरची जागा राखून ठेवलेली असते ती समईच्या ज्योतीसाठी, पावसात ओल्या झालेल्या रस्त्यावरच्या हेडलाइटसाठी, नथीतल्या मोत्यावरच्या एका ठिपक्यासाठी. पडद्याचा जेमतेम दोन-पाच टक्के भाग हजार निट्सला जातो आणि बाकीचं चित्र त्यामुळे खरं वाटू लागतं.

आकड्यांची वाटणी

या वरच्या जागेचा हिशेब ठेवणारी पद्धत डॉल्बीने बनवली आणि २०१४मध्ये ती अधिकृत मानक झाली. तिचं नाव परसेप्च्युअल क्वांटायझर, सगळे पीक्यू म्हणतात. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून इथे थोडं थांबतो.

आपला डोळा अंधारातले बारीक फरक चटकन टिपतो आणि लख्ख उजेडातले फरक त्याला सहज कळत नाहीत. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती जास्त लावली तर लगेच जाणवतं, भर उन्हात तीच लावली तर पत्ताही लागत नाही. पीक्यूने आकड्यांची वाटणी याच बेताने केली. एचडीआर सिग्नल साधारणपणे दहा बिटांचा असतो, म्हणजे प्रत्येक रंगासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १,०२४ पायऱ्या. पीक्यूची कमाल मर्यादा दहा हजार निट्स आहे, पण या पायऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या शून्य ते शंभर निट्समध्येच खर्च होतात. हजार निट्सपर्यंत पोचेपर्यंत तीन-चतुर्थांश संपलेल्या असतात. उरलेल्या पाव भागात हजार ते दहा हजार. जिथे डोळा चिकित्सक तिथे पायऱ्या दाट, जिथे नाही तिथे विरळ. जुन्या आठ बिटांच्या सिग्नलमध्ये २५६च पायऱ्या असायच्या. संध्याकाळच्या आकाशात रंगाचे पट्टे पडलेले दिसतात ते त्यामुळेच.

रंगांचंही असंच झालं. जुन्या मानकात झेंडूचा खरा केशरी किंवा पैठणीचा गर्द जांभळा बसतच नव्हता, जवळचा रंग दाखवून वेळ मारून न्यावी लागायची. एचडीआरसोबत रंगांचं कुंपणही रुंदावलं. तीन रंगांच्या प्रत्येकी १,०२४ पायऱ्या म्हणजे १०७ कोटी छटा होतात.

पीक्यूची एक बाजू मात्र घराघरांत तक्रारीचं कारण झाली आहे. जुन्या सिग्नलमध्ये आकडा फक्त प्रमाण सांगायचा: हे कमाल उजेडाच्या निम्मं, हे पाव. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला की सगळंच वाढायचं. पीक्यूतला आकडा थेट निट्स सांगतो: हा चेहरा चाळीस निट्स, ही भिंत बारा निट्स. कलरिस्टने ते चाळीस निट्स ठरवले ते जवळजवळ अंधाऱ्या खोलीत बसून. तेच चित्र बाणेरमधल्या पश्चिमेकडे मोठी स्लायडिंग खिडकी असलेल्या हॉलमध्ये दुपारी चार वाजता लावलं की घरचे म्हणणारच, “अरे, हे इतकं काळोखं का दिसतंय? आपला जुना टीव्ही बरा होता.” टीव्ही बिघडलेला नसतो. चित्र रात्रीचं असतं आणि खोली दुपारची. खोलीतला उजेड सेन्सरने मोजून चित्र वर उचलणारी सोय आता बऱ्याच टीव्हींत येते. डॉल्बी व्हिजन आयक्यू किंवा एचडीआर१० प्लस अ‍ॅडॅप्टिव्ह या नावांनी ती शोधा आणि दिवसा टीव्ही बघणारं घर असेल तर ती चालू ठेवा.

बीबीसी आणि जपानच्या एनएचके या दोन प्रसारकांनी एचएलजी नावाची वेगळी पद्धत काढली. ती थेट प्रक्षेपणासाठी आहे, आणि तिचा सिग्नल जुन्या एसडीआर टीव्हीवरही बरा दिसतो. २०१६मध्ये पीक्यू आणि एचएलजी या दोघांना एकाच आंतरराष्ट्रीय मानकात जागा मिळाली.

खरी लढाई काळ्याची

आता पडद्याकडे येऊ. इथे लोक निट्सचे आकडे मोठे की लहान ते बघतात, आणि माझ्या मते तिथेच नजर चुकीच्या टोकाला जाते.

पल्ल्याला दोन टोकं आहेत. वरचं टोक दुप्पट केलं तर एक स्टॉप मिळतो. खालचं टोक निम्मं केलं तरी एकच स्टॉप मिळतो. हजार निट्सचे दोन हजार करणं महागडं काम आहे, वीज खातं, उष्णता करतं. काळा अर्ध्या निटवरून एका निटच्या शंभराव्या हिश्श्यावर आणला तर पाच-सहा स्टॉप पदरात पडतात. खराडीला जुलै २०२५मध्ये सिटी प्राइडमध्ये देशातलं पहिलं डॉल्बी सिनेमा थिएटर सुरू झालं. तिथे पडद्यावरचा कमाल उजेड शंभर निट्सच्या आसपास असतो. साध्या थिएटरात तो ४८ निट्स असतो, म्हणजे फरक दुपटीचा. तुमच्या हातातला फोन याहून कित्येक पट उजळ असेल. तरीही तिथलं चित्र थक्क करतं, कारण पडदा काळा होतो तेव्हा तो खरोखर काळा होतो आणि हॉलही काळोखा असतो.

२०१६मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या युएचडी अलायन्स या संघटनेने उत्तम टीव्हीसाठी एक प्रमाणपत्र काढलं. त्यात दोन वेगवेगळ्या वाटा ठेवल्या होत्या. एक, कमाल उजेड हजार निट्सच्या वर आणि काळा ०.०५ निटच्या खाली. दुसरी, कमाल उजेड ५४०च्या वर आणि काळा ०.०००५च्या खाली. पहिल्या वाटेत गुणोत्तर वीस हजाराला एक येतं, दुसऱ्या वाटेत दहा लाखांच्या पुढे जातं. पहिली वाट एलसीडीसाठी होती आणि दुसरी ओएलईडीसाठी. आजची सगळी स्पर्धा या दोन वाटांचीच आहे.

एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. मागे बॅकलाइट असतो आणि पुढे द्रवस्फटिकांची झडप. काळं दाखवायचं असेल तेव्हा झडप बंद होते, पण पूर्ण बंद होत नाही, थोडा उजेड झिरपतोच. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये हे गुणोत्तर साधारण हजारास एक असतं. पांढरा पाचशे निट्स असेल तर ‘काळा’ अर्धा निट. रात्री दिवे घालवून बघितलं की चित्रपटाच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या राखाडी, निळसर दिसतात त्या यामुळे. व्हीए जातीचं पॅनेल याच्या चार-पाच पट चांगलं काळं देतं, पण बाजूला बसलं की त्याचे रंग फिके पडतात. हॉलमध्ये एल आकाराचा सोफा असेल आणि एका टोकाला कायम कुणीतरी बसत असेल, तर हे दुकानात बाजूला सरकून बघून घ्या.

स्वस्त टीव्हीतलं एचडीआर इथेच अडकतं. त्याला एकच अखंड बॅकलाइट असतो. पडद्यावर कोपऱ्यात एक दिवा उजळ दाखवायचा तर सगळा बॅकलाइट वाढवावा लागतो, मग काळाही वर येतो. सिग्नल एचडीआरचा, वाचलाही बरोबर, पण पल्ला जुनाच. असा टीव्ही घेण्यात काहीच वावगं नाही. रोजच्या मालिका आणि बातम्यांसाठी तो छान चालतो. फक्त खोक्यावरच्या त्या तीन-चार अक्षरांसाठी जास्त पैसे मोजू नका.

यावर तोडगा म्हणजे लोकल डिमिंग. बॅकलाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा, म्हणजे झोन, हवा तसा मंद किंवा तेज करायचा. मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेन्सरचे दिवे असतात तसं हे काम चालतं. कुणी चाललं की त्याच्यापुरता भाग उजळतो, बाकी अंधार राहतो. पण एक मांजर गेलं तरी त्या भागातल्या सगळ्या गाड्यांवर उजेड पडतोच. फोर के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. झोन हजार असले तरी एका झोनच्या वाट्याला आठ हजारांहून जास्त पिक्सेल येतात. काळ्या आकाशातल्या एका चांदणीसाठी त्या आठ हजार पिक्सेलांमागचा दिवा लागतो आणि चांदणीभोवती धुरकट वलय येतं. याला ब्लूमिंग म्हणतात.

ते ओळखायची सोपी जागा म्हणजे सबटायटल्स. आपण मल्याळी, कोरियन चित्रपट आता आवडीने बघतो. रात्रीचा प्रसंग, पडदा जवळजवळ काळा, आणि खाली पांढरी ओळ उमटते. साध्या लोकल डिमिंगच्या टीव्हीवर ओळीसोबत तिच्यामागे एक राखाडी ढग येतो, ओळ गेली की तो विझतो, पुढच्या वाक्याला पुन्हा येतो. एकदा दिसला की डोळा तिकडेच जात राहतो. मिनी एलईडी टीव्हीत हे दिवे फार बारीक असतात, टीसीएलने २०१९मध्ये पहिल्यांदा ते बाजारात आणले. चांगल्या मॉडेलात हजारो झोन असतात आणि ढग जवळपास नाहीसा होतो. पण ‘मिनी एलईडी’ असं छापून शे-दोनशे झोनचा टीव्हीही विकता येतो. म्हणून झोन किती, हे विचाराच.

ओएलईडीमध्ये बॅकलाइटच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतःच्या उजेडाने जळतो आणि काळ्यासाठी सरळ विझतो. सेंद्रिय रसायनाच्या पातळ थरातून वीज नेऊन उजेड काढायची ही किमया कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७मध्ये जगापुढे मांडली. सोनीने २००७मध्ये अकरा इंचांचा टीव्ही काढला, एलजीने २०१३मध्ये पंचावन्न इंचांचा. अंधाऱ्या खोलीत ओएलईडीवर चांदण्यांचं आकाश बघितलं की टीव्हीची चौकटच हरवते. काळ्याची जागा कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळत नाही. माझा कल याच बाजूला आहे, हे लपवत नाही.

पण ओएलईडीलाही मर्यादा आहेत आणि आपल्याकडच्या सवयींशी त्यांचा थेट संबंध येतो. पडद्याचा छोटासा भाग उजळवायचा असेल तर वरच्या श्रेणीचे २०२५चे पडदे दोन हजार निट्सच्या पुढे जातात. अख्खा पडदा पांढरा करायचा झाला की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी टीव्ही आपण होऊन उजेड उतरवतो, दोन-चारशे निट्सवर येतो. दुपारचा कसोटी सामना, हिरवंगार मैदान, पांढरे कपडे, खिडकीतून ऊन: अशा वेळी चांगला मिनी एलईडी सरळ बाजी मारतो.

दुसरी मर्यादा म्हणजे बर्न-इन. सेंद्रिय थर वापराने थोडाथोडा थकतो. जो पिक्सेल जास्त जळला तो लवकर मंदावतो आणि तिथे कायमचा डाग राहतो. मराठी वृत्तवाहिन्यांचा पडदा आठवून बघा: खाली लाल पट्टा, त्याखाली सरकती ओळ, कोपऱ्यात लोगो. सकाळी सातपासून बाबांसमोर हेच चालू असेल, वर्षानुवर्षं रोज सात-आठ तास, तर ओएलईडी घेऊ नका. मिश्र वापर असेल तर आजच्या पडद्यांना फारसा धोका नाही. आणि एक सवय बदलावी लागेल. आपल्याकडे रात्री झोपताना टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत आहे. ओएलईडी टीव्ही स्टँडबायमध्ये असताना पिक्सेल तपासून त्यांची झीज समतोल करत असतो. बटण बंद केलं की हे काम रोज राहून जातं. रिमोटने बंद करा, बटण चालू राहू द्या. गावाला जाताना, विजा कडाडत असताना बंद करा.

क्यू कुठला आणि ओ कुठला

क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं दुकानात शेजारी-शेजारी ऐकू येतात, पण क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. त्याच्या बॅकलाइटपुढे क्वांटम डॉट्सची एक फिल्म असते. हे काही नॅनोमीटरचे स्फटिक असतात. निळा उजेड पडला की मोठे डॉट लाल उजेड देतात, लहान हिरवा देतात, तोही अगदी शुद्ध. फक्त आकार बदलून रंग बदलणाऱ्या या कणांच्या शोधासाठी आणि त्यांच्या निर्मितीसाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. क्वांटम डॉट्समुळे रंग सुधारतात. काळा सुधारत नाही, त्यासाठी लोकल डिमिंगच लागतं. लोकल डिमिंग नसलेला क्यूएलईडी म्हणजे चांगल्या रंगांचा साधा टीव्ही.

ओएलईडीचेही दोन घाट आहेत. एलजी डिस्प्लेच्या पडद्यात लाल, हिरव्या, निळ्यासोबत एक पांढरा उपपिक्सेल असतो. उजेड वाढवायला तो मदतीला येतो, पण फार उजळ रंग त्यामुळे थोडे पातळ व्हायचे. नव्या थरांच्या रचनेने हे बरंच सुधारलं आहे. सॅमसंग डिस्प्लेने २०२२मध्ये निळ्या ओएलईडीवर क्वांटम डॉट्स बसवून क्यूडी-ओएलईडी आणला. त्यात उजळ रंगही भरीव राहतात. मात्र या पडद्यांवर बाहेरचा उजेड अडवणारा नेहमीचा पोलरायझर थर नसतो. त्यामुळे खोलीत उजेड असेल तेव्हा काळा किंचित जांभळट दिसतो. रात्री दिवे घालवले की हा दोष उरत नाही.

पुढचं पाऊल बॅकलाइटमध्येच पडतंय. २०२५मध्ये हायसेन्स, सोनी आणि सॅमसंग यांनी लाल, हिरवे, निळे असे वेगवेगळे एलईडी असलेला बॅकलाइट दाखवला. झोन आता उजेडासोबत रंगही बदलतो. आकार सुरुवातीला ११५-११६ इंचांचे होते, किमती त्याच मापाच्या. मायक्रो एलईडीत प्रत्येक पिक्सेलला तीन सूक्ष्म एलईडी असतात, जळण्या-विझण्यात ओएलईडीसारखे आणि झिजत मात्र नाहीत म्हणावं असे. पण फोर के पडद्यावर असे अडीच कोटी एलईडी एकही न चुकता बसवायचे असतात. सॅमसंगने २०१८मध्ये १४६ इंचांचा दाखवला, तरी मध्यमवर्गीय हॉलपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

फॉरमॅटचं भांडण

एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन, एचडीआर१० प्लस असे एचडीआरचे वेगवेगळे फॉरमॅट आहेत आणि त्यांची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. चित्रपट हजार किंवा चार हजार निट्सला बनलेला असतो आणि तुमचा टीव्ही सहाशेचा असतो. वरचा भाग खाली दुमडून घ्यावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. २०१५च्या एचडीआर१०मध्ये ‘यात कमाल उजेड किती’ ही माहिती अख्ख्या चित्रपटासाठी एकदाच दिलेली असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० प्लस ती प्रसंगाप्रसंगाला देतात, त्यामुळे दुमडणं नेमकं होतं. डॉल्बी व्हिजनसाठी कंपन्यांना पैसे मोजावे लागतात. सॅमसंगने अ‍ॅमेझॉनसोबत २०१७मध्ये एचडीआर१० प्लस काढलं, आणि सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत. एचडीआर१० सगळे घेतात. पडदा कमजोर असेल तेव्हा ही नेमकी माहिती जास्त उपयोगी पडते, पण दोनशे झोनच्या डॉल्बी व्हिजन टीव्हीपेक्षा हजार झोनचा साधा एचडीआर१० टीव्ही मी कधीही घेईन.

दुकानात आणि घरी

शोरूममध्ये सगळे टीव्ही डेमो मोडवर, भडक रंगात आणि डोक्यावर पांढऱ्या दिव्यांच्या झगमगाटात लावलेले असतात. तिथे काळा कळत नाही, म्हणजे नेमकं जे बघायचं तेच दिसत नाही. विक्रेत्याला पिक्चर मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करायला सांगा. गर्दी नसलेल्या सकाळी गेलात तर आनंदाने करून देतात. काळ्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे एखाद्या चित्रपटाची श्रेयनामावली, लावायला सांगा आणि अक्षरांभोवतीचा ढग बघा. मग सोफ्याच्या टोकाला बसल्यासारखे बाजूला जाऊन पुन्हा बघा.

घरी एचडीआर येणार कुठून, हेही आधी तपासा. केबल आणि डिशवरची नेहमीची चॅनेलं एसडीआरच असतात, एचडी पॅक घेतलं तरीही. एचडीआर येतं ते ओटीटीवरून, आणि नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी त्यासाठी सर्वांत वरचा प्लॅन लागतो आणि १५ एमबीपीएसचा स्थिर वेग. घरात नव्वद टक्के वेळ मालिका आणि बातम्या असतील तर महाग पडद्याचा पैसा वाया जातो. तोच पैसा चांगल्या साउंडबारला लावा, आई-बाबांना संवाद नीट ऐकू येतील.

बाहेरचा स्ट्रीमिंग बॉक्स किंवा गेमिंग कन्सोल जोडणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो. सोनीत तो ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ म्हणून असतो, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’. तो बंद असेल तर चित्र निमूटपणे एसडीआरमध्ये येतं आणि कुठलीही सूचना मिळत नाही. तसाच वीज वाचवण्याचा पर्याय. बऱ्याच टीव्हींत तो कारखान्यातूनच चालू असतो आणि एचडीआरचा कमाल उजेड दाबून ठेवतो. भिंतीवर टीव्ही लावायला आलेला मुलगा रिमोट हातात देऊन निघायच्या आत या दोन्ही जागा त्याच्याकडूनच उघडून घ्या.